मोटरसायकलचा विमा नेपाळात स्वस्त पडतो का?

प्रश्न असा आहे: "भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांपैकी मोटरसायकलचा विमा सर्वांत स्वस्त कुठे? भुसावळहून बाईकने पशुपतिनाथला जायचा विचार आहे, तर विमा तिकडचा काढावा का?"

आधी आकडे सांगून मोकळा होतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तो सारखाच. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १२५ सीसीची गाडी ८४३ रुपयांत सुटते. बुलेट ३५० चं इंजिन मोजून ३५० च्या आत आहे, म्हणून ती मधल्या गटात बसते, १,६१२ मध्ये. ४११ सीसीची हिमालयन असेल तर ३,३०९.

नेपाळात मी गेलो तेव्हा तिथल्या गाड्यांना १४९ सीसीपर्यंत व्हॅट आणि मुद्रांकाच्या तिकिटासकट १,७१५ नेपाळी रुपये पडत होते, २५० पर्यंत १,९४१ आणि त्याच्या वर २,१६७. आपल्या एका रुपयाला त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. भागून पाहा. लहान गाडीला आपले १,०७२, मोठीला १,३५४. म्हणजे स्प्लेंडर-शाइनवाल्याला भारत स्वस्त आणि हिमालयनवाल्याला नेपाळ. बांगलादेशात तर २०१८ च्या रस्ते वाहतूक कायद्याने थर्ड पार्टीची सक्तीच काढली. तिथे मोटरसायकलवाला सरकारी मदतनिधीत एकदाच १,००० टका भरतो, बाकी विमा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. नुसता हप्ता पाहायचा तर सगळ्यांत स्वस्त बांगलादेश.

पण "स्वस्त कुठे" हा प्रश्नच मला पटत नाही. हप्ता किती यापेक्षा त्या कागदामागे उद्या कोण उभं राहणार आहे, ते विचारा. आपल्याकडे तुमच्या गाडीने कुणी दगावलं किंवा जायबंदी झालं तर थर्ड पार्टीच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. माणसाचं वय, कमाई, घरात खाणारी तोंडं बघून न्यायाधिकरण आकडा ठरवतं, तो दहा लाख असो की पन्नास, कंपनी भरते. दुचाकीला मर्यादा आहे ती फक्त मालमत्तेच्या नुकसानीला, एक लाखाची. नेपाळात मृत्यूला पाच लाख नेपाळी, म्हणजे आपले ३,१२,५००, तिथे कंपनीची हद्द संपते. बांगलादेशात निधीतून मृताच्या घरच्यांना पाच लाख टका मिळतात, पण चालवणाऱ्याच्या पाठीशी कंपनी नाही. ८४३ रुपयांत एवढी मोठी जबाबदारी दुसरं कुणी आपल्या डोक्यावरून उचलत असेल तर मला ते जगातलं स्वस्तच वाटतं. आपल्याकडे लोक तेवढेही भरत नाहीत. चौकात पोलिसाने पकडलं तर पहिल्या वेळेला दोन हजार, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात असतो.

हे सगळं मला तोंडपाठ का आहे, तर माझे साडू.

मी शिरपूरचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. साडू चोपडा तालुक्यात केळीचे बागायतदार. दिवाळी झाली की नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघांनी दोन गाड्यांवर पशुपतिनाथला जायचं ठरवलं. माझी १५० ची, त्यांची १२५ ची. निघायच्या आधी मी माझी पॉलिसी काढून वाचली, तर त्यात भौगोलिक क्षेत्र या रकान्यात एकच शब्द, भारत. म्हणजे नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की तो कागद रद्दी. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, असं काही नसतं, बिनधास्त जा. माझं समाधान झालं नाही. धुळ्याला शाखेत गेलो, शिरपूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथल्या एका वयस्कर बाईंनी जुनं मोटार टॅरिफचं, म्हणजे विम्याच्या दर-नियमांचं, पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव. या सहा देशांपर्यंत पॉलिसी वाढवून मिळते, जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणारी, असेल तर ५०० रुपये आणि नुसती थर्ड पार्टी असेल तर १०० रुपये, वर जीएसटी. माझी पॅकेज होती, मी ५९० भरले. साडूंची नुसती थर्ड पार्टी होती. त्यांना ११८ पडले असते.

मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, "पाहुणे, उद्या पॉलिसी घेऊन धुळ्याला या, अर्ध्या तासाचं काम आहे." ते म्हणाले, "शंभर रुपयामा काय विमा येस?" आणि हसले. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तिसऱ्यांदा निघायच्या आदल्या रात्री, त्यांच्या ओट्यावर, दोघांच्याही बायका समोर असताना सांगितलं. तीन वेळा. हे आकडे मी घोटून ठेवलेत, कारण पुढे त्यावरून बोलणं झालं.

बिजासनचा घाट चढून सेंधव्याहून इंदूर, झाशी, लखनऊ, गोरखपूर असं करत चौथ्या दिवशी सोनौलीला पोहोचलो. सात दिवसांचं भन्सार फाडलं. भन्सार म्हणजे परदेशी गाडी काही दिवस आत आणायचा जकातीचा परवाना. बुटवलला जेवलो आणि नारायणगडच्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. एका बाजूला उकरलेलं, दुसऱ्या बाजूला टिप्परची रांग, आणि धूळ अशी की पुढच्या गाडीचा नुसता लाल दिवा दिसायचा. मी मागे होतो. साडू टिप्परला उजवीकडून काढायला गेले आणि समोरून सायकल आली.

सायकलवर साठीचा माणूस, मागे भाताच्या पेंढ्याचा भारा सायकलच्याच जुन्या ट्यूबने बांधलेला. भारा रुंद होता, तो साडूंच्या हँडलला लागला. माणूस सायकलसकट डाव्या हातावर पडला. मी गाडी लावून पळत गेलो तेव्हा ती ट्यूब साडूंच्या फूटरेस्टला गुंडाळली गेली होती, आणि तो माणूस रस्त्यात बसून चांगल्या हाताने पेंढा स्वतःकडे ओढत होता. मागून येणाऱ्या गाड्या त्याच्या पेंढ्यावरून जात होत्या म्हणून. हाताकडे त्याचं लक्षच नव्हतं. मनगटाच्या वर हात वाकडा झालेला होता.

त्याला बुटवलला दवाखान्यात नेलं. प्लेट बसवावी लागली. साडूंची गाडी ट्रॅफिक पोलिसांच्या आवारात गेली. तिकडे पद्धत अशी की जखमीच्या माणसांशी लेखी समझोता होईपर्यंत गाडी सुटत नाही. त्याला ते मिलापत्र म्हणतात. पोलिसाने पहिला प्रश्न विचारला, विमा? साडूंनी पॉलिसी पुढे केली. त्याने उलटून पाहिली, भारत लिहिलेल्या जागी अंगठा ठेवला आणि काही न बोलता परत दिली. मग माझी मागितली. माझ्या कागदाला धुळ्याच्या शाखेचं एंडोर्समेंट, म्हणजे विमा नेपाळपर्यंत वाढवल्याचा पुरवणी कागद, जोडलेलं होतं. ते त्याने पूर्ण वाचलं आणि साडूंना हिंदीत म्हणाला, "इनके जैसा क्यों नहीं किया?"

त्या माणसाचा मुलगा भला होता, हेही लिहिलं पाहिजे. तो स्वतः गुजरातेत कामाला राहून आलेला होता, सुरतेचं नाव काढल्यावर आमच्याशी नीट बोलायला लागला. दवाखान्याचे ६१,००० आणि बापाची मजुरी बुडेल त्याचे २४,०००, असे ८५,००० नेपाळी ठरले. आपले ५३,१२५. त्या वेळी तिकडे आपली शंभराच्या वरची नोट चालत नव्हती आणि फोनवरून पैसे देण्याची सोय अजून सुरू व्हायची होती. साडूंच्या खात्यात तेव्हा तेवढे नव्हते, केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले. मी परत सोनौलीला आलो, माझ्या खात्यातून पैसे काढले, सीमेवर बदलून घेतले, भन्सारचे दिवस वाढवून आणले. पाचव्या दिवशी गाडी सुटली. पशुपतिनाथाचं दर्शन झालं नाही. तिथूनच माघारी फिरलो.

घरी आल्यावर दोन महिन्यांनी साडूंनी मला २६,५०० दिले. बाकीचे? तर म्हणे, ट्रिप दोघांची होती, खर्चही दोघांचा. हे ते एकट्यात बोलले असते तर मी सोडूनही दिलं असतं. अमळनेरला मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, मांडवात दहा माणसांसमोर बोलले. वर म्हणाले, विमा वाढवला असता तरी कंपनीने दमडी दिली नसती, ही सगळी पुस्तकी अक्कल आहे. बायकोने हातावर हात ठेवला म्हणून मी तिथे गप्प बसलो.

आज इथे सांगतो. पेट्रोल, लॉज, जेवण, टोल हा ट्रिपचा खर्च, तो निम्मा-निम्मा. त्याचा पैन् पैचा हिशोब मी केला आहे आणि त्यात उलट माझेच जास्त गेले आहेत. पण गाडीचा हप्ता, गाडीचा दंड आणि गाडीने केलेलं नुकसान हे ज्याचं नाव आरसी बुकावर आहे त्याचं. सोबत कोण होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. मी ५९० भरले तेव्हा त्यातले निम्मे मी कुणाकडे मागितले नव्हते.

आणि "दमडी दिली नसती" यावर. त्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं कबूल करायचं नाही. आम्ही जसं घाईने मिलापत्र केलं तसं विमा असूनही केलं असतं तर कंपनीने हात वर केले असते. पण विमा असता तर पहिला फोन कंपनीला गेला असता, मुलाशी आणि पोलिसांशी बोलणं त्यांच्या सल्ल्याने झालं असतं. पैसे तेव्हाच्या तेव्हा हातात पडले नसते, वेळ लागला असता, कागद जमवावे लागले असते. पण मागायला दार तरी होतं. दार ठोठावायच्या आधीच आत कुणी नाही म्हणणं मला मान्य नाही.

तर भुसावळकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: तिकडच्या विम्याच्या मागे लागू नका, इथलाच वाढवून घ्या. ऑनलाइन घेतलेल्या पॉलिसीला ही सोय मला तरी संकेतस्थळावर सापडली नव्हती. सरळ शाखेत जा, अर्जात देशाचं नाव आणि तारखा लिहा आणि 'आयएमटी १' हे एंडोर्समेंट छापील घेऊनच बाहेर पडा. एजंट तोंडी "होऊन जाईल" म्हणाला तर ऐकू नका. तारखा मागतानाच आठ-दहा दिवस जास्तीचे मागा. आम्ही पाच दिवस अडकलो होतो. भन्सार मात्र वर्षाला एकूण ३० दिवसांच्या वर मिळत नाही, ते लक्षात ठेवून आखणी करा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. वर सांगितलेल्या ८४३ मध्ये तुमच्या स्वतःच्या जिवाचा विमा धरलेला नाही. तो १५ लाखांचा वेगळा असतो, मालक-चालकासाठी, आणि त्याला वैध लायसन्स लागतं. आपल्या खान्देशात निम्म्या गाड्या वडिलांच्या नावावर असतात आणि चालवतो मुलगा. मग हप्ता भरलेला असला तरी मुलाला काही झालं तर तो १५ लाखांचा विमा लागू होत नाही, कारण मालक दुसरा आहे. गाडी तुमच्या नावावर नसेल तर आधी जळगावच्या आरटीओत जाऊन ती नावावर करून घ्या, मग शाखेत जा. पॉलिसीवरही नवं नाव चढायला हवं, त्याला दिवस लागतात. त्यामुळे निघायच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

दोघं जाणार असाल तर दोन्ही पॉलिसी एकाच दिवशी, एकत्र जाऊन वाढवा. सोबतचा नाही म्हणाला तर त्याच्यासोबत सीमा ओलांडू नका. मी ओलांडली होती.