कुंडीतल्या मिरच्या घरी वाळवल्या. काही पांढऱ्या पडल्या, काही आतून काळ्या निघाल्या. काय चुकलं? किती दिवस वाळवायच्या असतात?

पांढऱ्या पडल्या त्या हिरव्या असताना तोडल्या म्हणून. कच्ची हिरवी मिरची उन्हात टाकून लाल होत नाही, फिकट होऊन वाळते. थोडी रंगावर आलेली असेल तर दोन-तीन दिवस सावलीत ढीग करून ठेवा, रंग भरतो. मग पसरा.

काळ्यांबद्दल एकच विचारते: देठं खुडली होती का? खुडली असणार.

आमच्या घरात यावरून नऊ वर्षं वाद चालू आहे. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, रानात संकेश्वरी मिरची. एका जानेवारीत भावाने दहा किलो लाल ओली मिरची पुण्याला पाठवली, म्हणजे वाळून अडीच किलोच्या आसपास. गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या, तोवर थोरल्या जाऊबाई आल्या. "अगं, देठं आत्ताच खुडून टाक. लवकर वाळतील, आणि कांडपाला नेताना परत बसायला नको." मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे देठासकट वाळवतात." त्यावर त्यांनी "तुमच्याकडे" एवढंच असं काही म्हटलं की मी गप्प. शेवटी एका साडीवर त्यांच्या पद्धतीने, दुसरीवर माझ्या.

खुडलेल्या दोन दिवस आधी वाळल्या, हे खरं. सगळ्या बिल्डिंगला कळलं ते. मार्चमध्ये मसाल्यासाठी डबे काढले, तर त्यांच्या डब्याचं झाकण उघडताच ओल्या गोणपाटाचा वास. मिरची वरून लालभडक. उभी चिरली तर आतल्या शिरेवर करडी लव आणि बिया एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या. देठ गेलं की तिथे भोक राहतं, ओल आणि बुरशी तिथूनच शिरते. माझ्या डब्यातल्या तीन-चार खराब निघाल्या, बाकीच्या हलवल्या की खुळखुळत होत्या.

"तूच एका रात्री उचलायला विसरलीस," हे त्यांचं उत्तर. विसरले होते. पण दव काय एकाच साडीवर पडलं?

तुमच्या काळ्या निघालेल्या टाकून द्या. भाजून मसाल्यात ढकलू नका, असल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते तव्यावर जात नाही. दिवसांचं म्हणाल तर मला थंडीत बारा-पंधरा लागतात, पण दिवस मोजण्यात अर्थ नाही. मिरची देठाजवळ वाकवून बघा. लवली तर अजून ऊन द्या, कडकन मोडली तर झाली. रोज संध्याकाळी आत घ्यायच्या, आभाळ आलं तरी आत. डब्यात भरायच्या आधी एक रात्र घरात पसरून गार होऊ द्या. आणि कुंड्यांवर वर्षाचा मसाला होत नसतो. माझ्या आठ कुंड्यांतून सुकी पाव किलो निघते, तीही पानं आकसून टाकणारा बोकड्या रोग पडला नाही तर.

कांडपाच्या आधी देठं खुडत तासभर बसावं लागतं, बोटं रात्रीपर्यंत चुरचुरतात. बसायचं. नऊ वर्षं मी बसतेच आहे, एकटी.

हां, ड्रायरमध्ये वाळवणार असाल किंवा महिन्याभरात संपवणार असाल, तर देठं आधी काढली तरी बिघडत नाही. हे मी जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.