सिस्टरना विचारा : गाठ फुटली आहे, ऑपरेशनला अजून अवकाश आहे

प्रश्न : सासूबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ फुटून जखम झाली आहे. आधी केमो, मग ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. वासामुळे त्या पडवीत एकट्याच जेवतात. पट्टी काढताना रक्त येतं. शेजारच्या काकू हळद भरा म्हणतात. काय करू?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, आधी त्यांना पंगतीत घ्या. हा आजार शिवल्याने होत नाही, आणि वास अस्वच्छतेचा नाही. वाढत्या गाठीला रक्त पुरत नाही, तिचा काही भाग मरतो आणि हवेशिवाय जगणारे जंतू तिथे माजतात. वास त्यांचा. आमच्या वॉर्डातही बायका ड्रेसिंगच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आंघोळीने हा वास जात नाही, मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाने कमी होतो. त्याचं जेल किंवा गोळीची बारीक पूड जखमेवर लावतात. डॉक्टरांना विचारून सुरू करा, बहुतेकदा आठवडाभरात फरक कळतो.

रक्त येतं ते सुकलेला गॉज ओढल्यामुळे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घाला. ते कोमट झालं की पट्टीवर ओतत राहा, ती आपसूक सुटेपर्यंत. घाई करू नका. वेदनेची गोळी अर्धा तास आधी द्या. जखम चोळू नका, नुसती धार सोडा. मग व्हॅसलीन गॉज, त्यावर जाड पॅड. चिकटपट्टीने कातडी सोलते, त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला पट्टा छातीभोवती बांधा. तरी रक्त आलंच, तर स्वच्छ गॉजने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. थांबलं नाही तर थेट दवाखाना.

हळद नकोच. तिचे कण जखमेत रुततात, आणि पिवळ्या थराखाली डॉक्टरांना काही दिसत नाही. चुना, राख, स्पिरिटही नको. माश्या बसू देऊ नका. अळ्या दिसल्या तर घरी उपाय न करता त्याच दिवशी दाखवा.

या पट्ट्यांनी जखम भरणार नाही, हे मनाशी धरा. केमोने गाठ आकसली की जखमही लहान होते, आणि सर्जनला कातडी जुळवणं सोपं जातं. तोवर त्यांची ताकद टिकवायची आहे. रोज थोडं थोडं रक्त गेलं तरी हिमोग्लोबिन उतरतं आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. पाझरणाऱ्या जखमेतून प्रथिनंही जातात, म्हणून अंडी, दूध, मटकीची उसळ, जे रुचेल ते द्या.

केमो चालू असताना ताप १००.४ झाला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालयात न्या.