पेपर एका घराण्याचा आहे म्हणून बंद करायचा का?

प्रश्न: आमच्याकडे 30 वर्षांपासून लोकमत येतो. आता मुलगा म्हणतो, बाबा, हा राजकारणी घराण्याचा पेपर आहे, बंद करा. एवढा मोठा कारभार एका कुटुंबाकडे कसा काय, आणि खरंच बंद करावा का?
– एक वाचक, पुसद

उत्तर: काका, मुलाचं अर्धं बरोबर आहे. लोकमत दर्डांचाच, आणि दैनिक म्हणून उभा पण त्यांनीच केला. नाव मात्र जुनं. 1918 साली तुमच्याच जिल्ह्यात, यवतमाळला, बापूजी अण्यांनी लोकमत नावाचं पत्र काढलं होतं. ते बंद पडलं, मग स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी तेच नाव घेऊन यवतमाळातून साप्ताहिक चालवलं आणि 15 डिसेंबर 1971 ला नागपुरातून दैनिक सुरू केलं. हे जवाहरलालजी, म्हणजे बाबूजी, बेचाळीसच्या लढ्यात जेलमध्ये गेलेले, काँग्रेसचे, पुढे राज्यात मंत्री. म्हणजे पेपर मोठा झाल्यावर राजकारण शिरलं असं नाहीये, ते पहिल्या दिवसापासून घरातच होतं. नागपुरात तेव्हा तरुण भारतचा दबदबा, तो संघाच्या विचाराचा, त्यामुळे काँग्रेसच्या वाचकाला आपला वाटेल असा पेपर मिळाला.

पण नुसत्या पक्षाच्या जोरावर पेपर एवढा पसरत नाही हो. खरी गोष्ट घडली ती जिल्ह्यांत. 1982 ला औरंगाबादची आवृत्ती निघाली, आणि तिथे संपादक अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाचा केवढा मान होता, निजामाविरुद्धच्या लढ्यातून आलेली माणसं ती, अग्रलेखावर लोक दिवसभर बोलायचे. तरी पुढे 'मराठवाडा' बंद पडला आणि लोकमत वाढत गेला. मला याचं अजून वाईट वाटतं, पण कारण कळतं. लोकमतने तालुक्याला वार्ताहर नेमले, आपल्या शाळेचं गॅदरिंग, बाजार समितीचं भांडण, कुणाचा सत्कार, सगळं फोटोसकट छापायला लागले, नंतर 'हॅलो' पुरवण्या आल्या, आणि ज्या माणसाचं नाव पेपरात कधी आलं नव्हतं त्याचं यायला लागलं. मग तो माणूस पेपर का सोडेल?

बाकीचं पटकन सांगतो. हिंदीत लोकमत समाचार, इंग्रजीत लोकमत टाइम्स, बायकांसाठी सखी मंच, 2008 ला भागीदारीत आयबीएन लोकमत चॅनेल, तेच आताचं न्यूज18 लोकमत. विजय दर्डा 18 वर्षं राज्यसभेत होते, राजेंद्र दर्डा औरंगाबादचे आमदार आणि शालेय शिक्षणमंत्री होते, आता तिसरी पिढी कामात आहे. भास्कर, जागरण हे हिंदी पेपर पण घराण्यांचेच, पण त्यांच्या कंपन्या शेअर बाजारात आहेत म्हणून आकडे जाहीर करावे लागतात. लोकमतची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तेवढं उघडं होत नाही.

आता तुमचा मुद्दा. मला विचाराल तर घराण्यापेक्षा जाहिरातीकडे जास्त बघा. आणि हे एकट्या लोकमतचं नाही, अख्ख्या जिल्हा पत्रकारितेचं दुखणं आहे. पेपर घरी पडतो त्या किमतीत कागदाचा खर्च पण निघत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तालुक्याच्या वार्ताहरालाच जाहिराती पण आणाव्या लागतात, आणि ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची पुरवणी घेतली त्याच्याच कारखान्याची थकलेली उसाची बिलं तो कशी छापणार? तुमच्या भागातली अशी कुठली बातमी तुम्हाला माहितीये पण पेपरात आली नाही, ते मुलाबरोबर बसून महिनाभर लिहून काढा, तो पेपर आपोआप नीट वाचायला शिकेल.

बंद करू नका. पुसदच्या पाण्याची, दवाखान्याची, रस्त्याची बातमी पुण्या-मुंबईचा पेपर देणार नाही. निवडणुकीच्या दोन महिन्यांत मात्र दुसऱ्या मालकाचा एक पेपर जोडीला लावा, आणि एकच बातमी दोन्हीकडे कुठल्या पानावर आलीये ते बघत जा.