वडील वारले, आजी, आई, आम्ही एक भाऊ-दोन बहिणी आणि काका आहोत. शरियतप्रमाणे वाटणी कशी होईल?

तुम्ही सुन्नी हनफी (सुन्नींमधला एक पंथ) आहात असं धरतो. आजी म्हणजे वडिलांची आई, हेही गृहीत धरलंय. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज. आईचा मेहर (निकाहात पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जच, हे लोक हमखास विसरतात. त्यानंतर मृत्युपत्र असल्यास ते, पण एक तृतीयांशापर्यंतच. तेही वारसाच्या नावे असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

उरले समजा ९६ लाख. आईला आठवा हिस्सा, १२ लाख. आजीला सहावा, १६ लाख. राहिले ६८, मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे भावाला ३४ आणि बहिणींना १७-१७. मुलगा हयात असल्याने काकांना काही नाही, मग ते कितीही हक्क सांगोत.

'बहिणींचं लग्नात दिलं' हा युक्तिवाद इथे चालत नाही. वडिलोपार्जित घरात मुलाचा जन्मतः हक्क, हीसुद्धा हिंदू कायद्यातली कल्पना. इथे वारसा मृत्यूनंतरच उघडतो.

वडील मूळचे गोव्याचे असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथल्या मुसलमानांनाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो.