टोमॅटोच्या जीनोमचा डेटा फुकट कुठे मिळतो? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात एमएस्सी करताय, प्रकल्प टोमॅटोच्या लीफ कर्लवर (पांढरी माशी पसरवते तो पानं मुरडणारा विषाणूजन्य रोग) आहे आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, पैसे नाहीत. मीही इथंच शिकलो, याच पिकावर काम केलं, म्हणून लिहितो.

आधी सोल जीनोमिक्स नेटवर्क हे संकेतस्थळ उघडा. अमेरिकेतल्या इथाका इथली बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूट ते चालवते. फुकट आहे. टोमॅटोचं सगळं गणगोत तिथं एकत्र सापडतं: बटाटा, वांगं, मिरची, शिवाय रानटी टोमॅटोही. २०१२ साली 'नेचर'मध्ये आलेला टोमॅटोचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, हाइन्झ १७०६ या वाणाचा. गुणसूत्रं बारा, ती वाचायला देशादेशांनी वाटून घेतली होती. पाचवं दिल्लीच्या तीन संस्थांकडे होतं. फळ पिकण्याची सूत्रं हलवणारा रिन जनुक नेमका त्याच पाचव्यावर आहे.

जनुकाचं नाव वाचायला शिका. सॉलिक०५जी०१२०२० हा तो रिन. सॉलिक म्हणजे सोलॅनम लायकोपर्सिकम, ०५ गुणसूत्र, पुढे त्याचा क्रमांक. टिंबानंतरचे आकडे आवृत्तीचे असतात, आणि माझा घोळ आवृत्तीनंच केला. म्युटेशनची यादी एसएल २.५० या जीनोमच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली होती, जनुकांची फाइल मी एसएल ४.० या नव्या आवृत्तीची उतरवली. जागेचे आकडे जुळणार कसे? त्यावरून प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे छोटे डीएनए) मागवले, पीसीआर करून तो तुकडा वाढवला, जेलवर बँड, म्हणजे पट्टा, झकास आला, पण भलत्याच जनुकाचा. पाच आठवडे गेले. सरांनी एवढंच विचारलं, "रेफरन्स कुठला घेतलास रे?" तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावात मी आवृत्ती लिहितो.

आता तुमच्या विषयातली खरी मेख. हाइन्झ हा सॉससाठीचा टोमॅटो. लीफ कर्लला रोखणारे टीवाय जनुक रानटी भाऊबंदांकडून आलेत: टीवाय-१ सोलॅनम चिलेन्सकडून, सहाव्या गुणसूत्रावर, आणि टीवाय-२ सोलॅनम हॅब्रोकायटिसकडून, अकराव्यावर. हाइन्झमध्ये तो प्रतिकारक तुकडाच नाही. नुसत्या हाइन्झवर रीड्स (सिक्वेन्सिंगमधून आलेले डीएनए-आरएनएचे छोटे तुकडे) बसवले तर जे शोधताय तेच हातून निसटेल, म्हणून चिलेन्सचा जीनोमही सोबत ठेवा.

सोल जीनोमिक्सच्या संकेतस्थळावरचा एक्सप्रेशन अ‍ॅटलास, म्हणजे कुठला जनुक कुठल्या भागात किती चालतो त्याचा नकाशा, देखणा आहे, पण तो मुख्यतः फळाचा. तुम्हाला पान हवंय. त्यासाठी एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या एसआरए या कच्च्या सिक्वेन्सिंग डेटाच्या फुकट साठ्यात लीफ कर्लच्या विषाणूचं नाव आणि टोमॅटो टाकून शोधा, लोकांनी केलेल्या आरएनए-सेकचे, म्हणजे चालू जनुकांच्या आरएनएच्या वाचनाचे, कच्चे रीड्स मिळतील. होस्टेलच्या वायफायवर ते उतरवत बसू नका, रात्र संपते, फाइल संपत नाही. गॅलॅक्सी या ऑनलाइन विश्लेषणाच्या फुकट सेवेच्या युरोपीय सर्व्हरवर खातं काढा, एसआरएचा क्रमांक द्या, मॅपिंग, म्हणजे रीड्स जीनोमवर बसवणं, तिथंच होतं.

रानटी वाणाचं बी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या टोमॅटो जेनेटिक्स रिसोर्स सेंटरकडे असतं, पण ते आणायला दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती-बियाण्यांच्या राष्ट्रीय संस्थेचा आयात परवाना लागतो. एमएस्सीचं वर्ष त्या कागदांतच जाईल. त्यापेक्षा बेंगळुरूच्या आयआयएचआर या फळभाज्यांच्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो लावा, तो लीफ कर्लला दाद देत नाही. शेजारी बळी पडणारा एखादा वाण लावला की तुलना घरच्या घरी होते. पांढरी माशी आणायला तुम्हाला काही करावं लागणार नाही, ती येतेच.