सेव्ह केलं म्हणजे नेमकं कुठे गेलं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन पानं टाईप झाली आणि वीज गेली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर ती पानं गायब, कालची फाईल मात्र जशीच्या तशी. एकाच मशीनमध्ये असं कसं?

उत्तर : मशीन एकच, जागा दोन. सेव्ह करेपर्यंत तुमचा मजकूर रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. रॅममधला प्रत्येक बिट (० किंवा १) म्हणजे एक ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म स्विच, आणि विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६०च्या दशकात सुचवलेली ही रचना आजही वापरात आहे. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबलं, मजकूर गेला. हार्ड डिस्कवर चुंबकीय खुणा असतात, त्यांना टिकायला वीज लागत नाही.

मग सगळं थेट डिस्कवरच का लिहीत नाहीत? वेगापायी. रॅममधला डेटा १०० नॅनोसेकंदांच्या आसपास हाती येतो, तर फिरत्या डिस्कला तोच शोधून आणायला पाच-दहा मिलिसेकंद लागतात. फरक लाखाच्या घरातला आहे.

वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ऑटोरिकव्हरची वेळ मुळात १० मिनिटं असते, ती २ करा. फाईल एकदाही सेव्ह केली नसेल तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंटमध्ये ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ बघा. मिळेलच असं नाही. कंट्रोल-एसची सवय या दोन्हींपेक्षा बरी.

प्रश्न : पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं, म्हणून काढला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईलचं नाव दिसतं, आकारही बरोबर आहे, पण ती उघडत नाही. पेनड्राइव्ह खराब झाला का?

उत्तर : बहुतेक नाही. पेनड्राइव्हची लिहिण्याची गती कमी असते, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम डेटा आधी रॅममध्ये घेते, ‘झालं’ म्हणून मोकळी होते आणि मागाहून सावकाश लिहीत बसते. यालाच राइट कॅश म्हणतात. फाईलचं नाव आणि आकार यांची नोंद एकीकडे असते, मजकूर दुसरीकडे. नोंद लिहून झाली आणि मजकूर अजून रॅममध्येच असताना पेनड्राइव्ह ओढला, तर तुमच्यासारखा प्रकार होतो.

विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ ही सेटिंग आपोआप लागू असते आणि तिच्यात हा धोका बराच कमी आहे. तुमच्याकडे काय आहे ते बघायला डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्क ड्राइव्ह्जमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीज बघा. तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलेलं असेल तर ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय हात लावू नका. लिनक्सवर मोठी फाईल टाकताना प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते आणि पेनड्राइव्हचा दिवा तरी लुकलुकतच राहतो, हे हमखास दिसतं. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही आज्ञा द्या. ती पूर्ण होऊन परत आली की अनमाउंट करा (पेनड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवा) आणि मगच काढा.

आता तुमच्या फाईलचं. चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन चालवून नोंदी दुरुस्त होतील, पण जो मजकूर कधी लिहिलाच गेला नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही. मूळ प्रतीवरून पुन्हा कॉपी करा. मूळ प्रत असेल तर! पेनड्राइव्हवर फाईल कट-पेस्ट करू नये ते याचसाठी. कॉपी करा, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा, फाईल उघडून बघा आणि मग मूळ पुसा. काढून लावणं महत्त्वाचं, कारण लगेच उघडलेली फाईल रॅममधूनच दाखवली जाऊ शकते आणि पेनड्राइव्हवर काय उमटलंय ते कळत नाही.

प्रश्न : शट डाऊन करून चालू केलं तरी बिघाड तसाच, रीस्टार्ट केल्यावर मात्र गेला. हे उलटं नाही का?

उत्तर : दिसायला उलटंच आहे. विंडोज ८पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाऊन करताना विंडोजच्या गाभ्याची रॅममधली स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत भरली जाते. बिघडलेली स्थितीही तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून शट डाऊन केलंत तरी मशीन पूर्ण बंद होतं.

प्रश्न : जुने फोटो एसएसडीवर टाकून ती कपाटात ठेवली तर कायम राहतील ना?

उत्तर : ‘कायम’ म्हणू नका. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. रॅमसारखा तिच्यातही विद्युतभारच असतो, फक्त तो चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेल्या थरात अडकवलेला असतो. तिथूनही तो गळतो, पण फार हळू. ड्राइव्ह जितका जास्त वापरलेला आणि ठेवायची जागा जितकी उष्ण, तितकं गळणं जास्त. जेडेक या संस्थेचं मानक असं की घरगुती वापराच्या एसएसडीने लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपवल्यानंतरही, विजेविना ३० अंश सेल्सियसला डेटा वर्षभर टिकावा. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त तग धरते, तरी वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी आम्ही ती सुचवणार नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर तेच फोटो ठेवा, त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि वर्षातून एकदा लावून फाईली उघडून बघा.

प्रश्न : कॉम्प्युटरचं घड्याळ दर वेळी मागे जातं.

उत्तर : मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपलाय. बहुधा तो तीन व्होल्टचा सीआर २०३२ असतो. प्लग काढून सेल बदला, मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) पुन्हा लावा.