बारीक अक्षरं वाचा : कूपनांविषयी वाचकांचे प्रश्न

वर्तमानपत्रांतली कूपनं आता फारशी दिसत नाहीत. छापील कूपनं शोधायची कुठे?

कमी झाली आहेत हे खरं, पण संपलेली नाहीत. पुरवण्या आणि मासिकं चाळाच. दुकानात मालाच्या रॅकला फाडून घ्यायचे छोटे गठ्ठे टांगलेले असतात तेही बघा, आणि पावतीची मागची बाजू वाचल्याशिवाय ती फेकू नका. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे रिकामं खोकं. पुढच्या खरेदीचं कूपन कधीकधी खोक्याच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं आणि आपण ते चेपून कचऱ्यात टाकतो. काही कंपन्या घरच्या प्रिंटरवर छापायची कूपनंही देतात. त्यांची झेरॉक्स मात्र काढू नका. अशा प्रत्येक प्रतीवर सहसा वेगळा क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर ती फसवणूक ठरते.

मुदत शिल्लक होती, तरी कॅशियरने कूपन परत केलं. असं कसं?

आधी कूपन कोणाचं ते बघा. दुकानाचं कूपन त्याच दुकानात किंवा त्याच्या शाखांत चालतं, कारण ती सूट दुकानदार स्वतःच्या खिशातून देतो. कंपनीच्या कूपनाचा हिशेब वेगळा. दुकान तुम्हाला सूट देतं, कूपन जपून ठेवतं आणि नंतर ते पाठवून कंपनीकडून पैसे वसूल करतं. एखादी अट चुकली तर कंपनी पैसे नाकारू शकते आणि भुर्दंड दुकानाला बसतो. कॅशियर काटेकोर असतो तो यामुळेच. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता कूपन उजेडात धरून पुन्हा वाचा. कुठेतरी वजन लिहिलेलं असेल, किंवा ‘फक्त अमुक प्रकारावर’, ‘एका खरेदीत एकच’, ‘इतर सवलतींसोबत नाही’ असं काहीतरी. चित्रावर जाऊ नका. चित्र बहुधा सगळ्यात देखण्या आणि महागड्या प्रकाराचं असतं. चालतं ते खाली लिहिलेलं. शिवाय बारकोड सुरकुतला असेल तर मशीनला तो कधीकधी वाचता येत नाही. म्हणून घडी घालायचीच तर बारकोड सोडून घाला.

एकाच वस्तूवर दोन कूपनं लावता येतात का?

एक कंपनीचं आणि एक दुकानाचं, अशी जोडी काही दुकानं चालवून घेतात. कंपनीची दोन कूपनं एकाच नगावर सहसा चालत नाहीत. रांगेत उभं राहण्याआधी विचारून घ्या.

कूपन असेल तेव्हा मोठा पॅक घेणंच फायद्याचं ना?

नेहमी नाही. गंमत अशी की ठरावीक रकमेचं कूपन असेल तर पारडं बरेचदा लहान पॅककडे झुकतं. आकडे घेऊन बघू, चलन कुठलंही धरा. २०० ग्रॅमचा पॅक १००ला आणि ५०० ग्रॅमचा २२०ला आहे. कूपनाशिवाय १०० ग्रॅम अनुक्रमे ५० आणि ४४ला पडतात, म्हणजे मोठा स्वस्त. आता दोन्हींवर चालणारं ३०चं कूपन लावा. लहान ७०ला, म्हणजे १०० ग्रॅमला ३५. मोठा १९०ला, म्हणजे ३८. सूट टक्क्यांत असेल तर हा उलटफेर होत नाही. तिथे मोठा स्वस्त असेल तर स्वस्तच राहतो. आणि हा भाव शेजारच्या, कूपन नसलेल्या मालाशीही ताडून बघा. कूपन लावूनही नावाजलेला माल पुष्कळदा महागच पडतो.

जुन्या अमेरिकन कूपनावर ‘रोख किंमत सेंटचा शंभरावा भाग’ असं वाचलं. ही काय थट्टा?

थट्टा नाही, कायद्याची पळवाट म्हणा. तिकडे पूर्वी दुकानदार खरेदीवर तिकिटं वाटत आणि ती साठवून वस्तू मिळत. गिऱ्हाईक नाडलं जाऊ नये म्हणून काही राज्यांनी अशा तिकिटांवर रोख किंमत छापणं बंधनकारक केलं. कूपनंही त्या व्याख्येत सापडली, मग कंपन्यांनी जमेल तितकी क्षुल्लक रक्कम छापून टाकली. कोणी ती मागायला जात नाही.

कापलेली कूपनं ऐन वेळी सापडत नाहीत. काय करू?

कंपनीच्या नावाने लावू नका, मुदतीप्रमाणे लावा. आधी संपणारं सगळ्यात वर. यादी आधी करा, मग गठ्ठा उघडा आणि यादीत नसलेल्या वस्तूचं कूपन तिथेच सोडा. ते वापरावंसं वाटावं यासाठीच तर ते छापलेलं असतं.

मेसेजमध्ये ‘मोफत खरेदीचं कूपन, छापून घ्या’ अशी लिंक आली. खरं असेल?

सूट भलतीच मोठी, मुदत किंवा अटी कुठेच नाहीत आणि वर दहा जणांना पुढे पाठवायची गळ, असं असेल तर लिंक उघडू नका. कूपन छापायला बँकेचा तपशील लागत नाही. तो मागितला की पान बंद करा. शंका असेल तर कंपनीचं संकेतस्थळ स्वतः उघडून तिथे ती ऑफर आहे का ते बघा.